गाणं ऐकायच्या खोलीसाठी शांत एसी कोणता?

गिरगावकर:
दहा बाय बाराची खोली, तिसरा मजला, भिंत पश्चिमेची. जुना विंडो एसी लावला की विलंबित ख्यालातला तानपुरा गायब, नुसती घरघर. बंद केला तर बंदिश सुरू होईपर्यंत बनियन ओला. काय घेऊ?

मुलुंडचा काका:
इन्व्हर्टर स्प्लिट. 1 टन पुरे. कॉम्प्रेसर सारखा बंद-चालू न होता हळू फिरत राहतो, त्यामुळे आलापात मध्येच ‘धडक्’ नाही. पत्रकातले डेसिबल बहुधा सगळ्यात मंद पंख्याचे असतात, दुकानदार ते सांगत नाही.

रेकॉर्डवेडी:
आधी बाहेरच्या युनिटची जागा ठरवा. आमचं त्याच भिंतीवर ठोकलं होतं. खर्ज लागला की भिंतही गुणगुणायची! खाली रबरी पॅड घातले तेव्हा कुठे गप्प बसली.

गिरगावकर:
गॅलरीत ठेवलं तर शेजारच्या वहिनी ऐकवतील, तेही द्रुत लयीत. गच्चीवर चालेल?

मुलुंडचा काका:
नको हो, पाइप लांबला की थंडावा घटतो. वहिनींना एकदा गाणं ऐकायला बोलवा. आणि अर्धा तास आधीच खोली गार करून ठेवा, मग पंखा अगदी मंद.