विषय: पुन्हा ती पट्टी! (नोंदणीचा लॅपटॉप)

प्रेषक: नोंदणी समिती
सोमवार, रात्री ९:१०

मंडळी,
पट्टी परत आली. शनिवारी काढली होती ना? आज नोंदणीचं पान उघडलं तर वर तीच करडी पट्टी: शोधायची चौकट, हवामान आणि 'पीडीएफ बदला' असं बटण. क्रोम उघडलं की पहिलं पानसुद्धा त्यांचंच. येत्या शनिवारी सकाळी टेबल लावायचंय. कुणीतरी नीट पायऱ्या लिहा. 'रीसेट मार' एवढंच लिहिणार असाल तर नका लिहू.

---

प्रेषक: संकेतस्थळ समिती
सोमवार, रात्री ९:४२

ताई, आधी पट्टी कुठल्या जातीची आहे ते ठरवू. काढायची रीत त्यावर अवलंबून आहे.

१. क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून सेटिंग्ज उघडा. तिथे पट्टी दिसते का? एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, आपली पट्टी वेबपानाच्या आत घुसवतं, आणि क्रोम स्वतःच्या सेटिंग्जच्या पानावर त्याला शिरू देत नाही. सेटिंग्जवर पट्टी गायब आणि बाकी सगळीकडे हजर, म्हणजे ती एक्स्टेन्शनची.
२. इन्कॉग्निटो (खासगी) खिडकी उघडा. तिथे एक्स्टेन्शनं आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. तिथेही शोध भलतीकडे जात असेल तर मामला प्रॉक्सी किंवा डीएनएसचाही (इंटरनेटचा रस्ता आणि साइटचा पत्ता ठरवणाऱ्या सेटिंग्जचा) असू शकतो.
३. क्रोम पूर्ण बंद करा. तरी पडद्यावर पट्टी उरली तर तो विंडोजवर बसलेला वेगळा प्रोग्रॅम आहे. ब्राउझरमध्ये कितीही शोधलंत तरी सापडणार नाही.

तिन्हींची उत्तरं कळवा. तोवर कृपया कुणी लॅपटॉपला हात लावू नका.

---

प्रेषक: माजी चिटणीस
सोमवार, रात्री १०:१५

एवढं कशाला? कंट्रोल पॅनेल, इंटरनेट ऑप्शन्स, प्रोग्रॅम्स, मॅनेज अ‍ॅड-ऑन्स. तिथे सगळे टूलबार दिसतात, डिसेबल करा. शिवाय एखादा रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही साफ करणारा प्रोग्रॅम, फिरवा. आमच्या कार्यकाळात असंच करत होतो.

---

प्रेषक: संकेतस्थळ समिती
सोमवार, रात्री १०:३१

> तिथे सगळे टूलबार दिसतात

काका, ती यादी इंटरनेट एक्स्प्लोररची. त्याचा खरा टूलबार म्हणजे एक डीएलएल फाइल असायची आणि ती ब्राउझरच्या पोटातच चालायची. म्हणून त्या यादीतून तिला धरता येत असे. एक्स्प्लोररची शेवटची, ११वी आवृत्ती जून २०२२मध्ये निवृत्त झाली. क्रोमनं एक्स्टेन्शनला स्वतःची पट्टी जोडायची सोय कधी दिलीच नाही, आणि फायरफॉक्सनं नोव्हेंबर २०१७च्या ५७व्या आवृत्तीत जुनी अ‍ॅड-ऑन पद्धत बंद केली. आता दिसतं ते टूलबारचं सोंग.

रजिस्ट्री क्लीनर मुळीच नको. तो अनाथ नोंदी पुसतो. आपल्याला छळतेय ती नोंद अनाथ नाही, चांगली सांभाळलेली आहे. शिवाय फुकटचे क्लीनर स्वतःच असल्या पट्ट्या घेऊन येतात.

---

प्रेषक: माजी चिटणीस
सोमवार, रात्री १०:५०

सोंग म्हणा की टूलबार, मराठीत 'साधनपट्टी' म्हणावं. आणि जावा इन्स्टॉल करताना आस्क या शोधसाइटचा टूलबार यायचा तो आम्ही त्याच यादीतून काढायचो, एवढंच सांगायचं होतं.

---

प्रेषक: वाचनालय
मंगळवार, सकाळी ७:०५

काका, तो आस्कवाला लबाड होता. जावा बसल्यावर दहा मिनिटं दबा धरायचा आणि मग बसायचा. लगेच यादी पाहिली तर काहीच दिसायचं नाही. ताई, म्हणून काढल्यावर पाच मिनिटांत 'गेली' म्हणू नका. दोनदा रीस्टार्ट करून अर्धा तास थांबा.

माझा प्रश्न वेगळा. वाचनालयाच्या संगणकावर एज ब्राउझरमध्ये एका एक्स्टेन्शनला 'काढा'चं बटणच नाही, आणि मेनूत 'तुमची संस्था हा ब्राउझर सांभाळते' अशा अर्थाची ओळ आहे. मंडळानं असं काही लावलंय का?

---

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, सकाळी ८:२०

मंडळानं काही लावलेलं नाही. खर्चाला मंजुरी लागते.

नोंदणीच्या लॅपटॉपवर वर्गणीचा तक्ता आहे. फॉरमॅट, रीसेट यातलं काहीही करायचं तर आधी मला विचारावं. मंडळाच्या सामाईक खात्याचा पासवर्डही माझ्याकडे आहे, तो या मेल-यादीवर मागू नये.

---

प्रेषक: नोंदणी समिती
मंगळवार, सकाळी ८:४५

उत्तरं: १. सेटिंग्जवर पट्टी नाही. २. इन्कॉग्निटोत पट्टी नाही, शोधही बरोबर. ३. क्रोम बंद केल्यावर काही नाही. पण टास्कबारवरच्या चिन्हावरून क्रोम उघडलं की पहिलं पान त्यांचं, आणि स्टार्ट मेनूतून उघडलं की नाही! हे काय आता?

---

प्रेषक: संकेतस्थळ समिती
मंगळवार, दुपारी १:१०

ताई, फार कामाचं निरीक्षण. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पट्टी एक्स्टेन्शनची, आणि पहिलं पान शॉर्टकटमध्ये चिकटवलेलं. या क्रमानं करा, क्रम बदलू नका. (यादीत रोमन अक्षरं चालत नाहीत म्हणून आज्ञा फोडून लिहितोय.)

आधी प्रोग्रॅम. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, चौकटीत ए-पी-पी-डब्ल्यू-आय-झेड, टिंब, सी-पी-एल लिहून एंटर. यादीत 'इन्स्टॉल्ड ऑन' या मथळ्यावर क्लिक करा म्हणजे तारखेप्रमाणे लागेल. ज्या दिवशी पट्टी पहिल्यांदा दिसली त्या दिवसाचं आणि आगेमागे एक दिवसाचं सगळं पाहा. पीडीएफ, कूपन, हवामान, 'सर्च', 'असिस्टंट' असल्या नावांवर संशय. अनइन्स्टॉल करताना त्यांच्या खिडकीतलं प्रत्येक वाक्य वाचा. मोठं रंगीत बटण बहुतेक 'राहू द्या'चं असतं आणि खरं बटण कोपऱ्यात फिकट.

मग टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की येतो. डावीकडे 'लायब्ररी'वर क्लिक करा आणि एकेका कामाचा 'अ‍ॅक्शन्स' टॅब बघा. प्रोग्रॅम अ‍ॅपडेटा किंवा प्रोग्रॅमडेटा फोल्डरमधून चालत असेल, नाव निरर्थक अक्षरांचं असेल, किंवा पॉवरशेल अथवा डब्ल्यूस्क्रिप्ट (विंडोजला लिहून दिलेल्या आज्ञा चालवणारे प्रोग्रॅम) गुपचूप चालवलं जात असेल तर थांबा. अ‍ॅपडेटात प्रामाणिक प्रोग्रॅमही राहतात, म्हणून लगेच डिलीट न करता आधी 'डिसेबल' करा. दोन दिवसांत कशाचं काही अडलं नाही तर पुसा. शनिवारी आपण ही पायरी गाळली होती. शॉर्टकट कितीही दुरुस्त केला तरी हे काम लॉग-इनच्या वेळी तो पुन्हा बिघडवतं.

मग शॉर्टकट. टास्कबारवरच्या क्रोमच्या चिन्हावर शिफ्ट दाबून उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, 'टार्गेट'ची चौकट. ओळ 'क्रोम टिंब ईएक्सई' आणि अवतरणचिन्हावर संपली पाहिजे. पुढे वेबपत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच पुसा. डेस्कटॉपवरचं चिन्हही तपासा.

एक्स्टेन्शन सगळ्यात शेवटी. प्रोग्रॅम जिवंत असताना ते काढलं तर तोच प्रोग्रॅम पुन्हा घालू शकतो. आणि काढण्याआधी क्रोममधून मंडळाच्या खात्याचं साइन-आउट करा, म्हणजे गोंधळ नको.

---

प्रेषक: संकेतस्थळ समिती
मंगळवार, दुपारी १:२५

वाचनालय, तुमचं राहिलं. 'संस्था सांभाळते' ही ओळ म्हणजे कुणीतरी विंडोजच्या रजिस्ट्रीत धोरणाची नोंद घातली आहे. पत्त्याच्या चौकटीत एज, विसर्गासारखे दोन ठिपके, दोन तिरप्या रेघा, पॉलिसी असं लिहा. तिथे 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' (सक्तीनं बसवायच्या एक्स्टेन्शनांची यादी) दिसलं आणि समोर ए ते पी यांतल्याच ३२ अक्षरांची ओळ असली, तर तोच त्या एक्स्टेन्शनचा ओळखक्रमांक. एक्स्टेन्शनच्या 'डिटेल्स'मधल्या क्रमांकाशी ताडून बघा. जुळला तर रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, एज या वाटेनं जा, फोर्सलिस्टची चावी आधी एक्स्पोर्ट करून ठेवा आणि त्यातली फक्त ती ओळ पुसा. तिथे नसेल तर करंट युझरखालची तीच वाट बघा. मग धोरणाच्या पानावर 'रीलोड पॉलिसीज'. 'काढा'चं बटण परत येईल, किंवा एक्स्टेन्शन आपोआप जाईल.

ती ओळ नुसती दिसली म्हणून घाबरू नका. चांगले प्रोग्रॅमही कधीकधी धोरण घालतात.

---

प्रेषक: नोंदणी समिती
बुधवार, रात्री ८:३०

सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. एक 'पीडीएफ' नावाचा प्रोग्रॅम आणि एक शेड्युल्ड काम सापडलं. पहिलं पान आता ठीक आहे. साइन-आउट करून एक्स्टेन्शन काढलं, दोनदा रीस्टार्ट केलं, अर्धा तास थांबले. पट्टी नाही. मग तक्ता उघडायला खजिनदारांकडून पासवर्ड घेऊन साइन-इन केलं, आणि दोन मिनिटांत पट्टी हजर.

---

प्रेषक: खजिनदार
बुधवार, रात्री ८:४१

तक्त्यात काही नाही. तक्ता मी रोज घरून उघडतो.

---

प्रेषक: माजी चिटणीस
बुधवार, रात्री ८:५५

फॉरमॅट करा.

---

प्रेषक: वाचनालय
बुधवार, रात्री ९:२०

फॉरमॅट करूनही येईल, काका. साइन-इन केल्यावरच येते, म्हणजे ती लॅपटॉपवर नाहीच, खात्यात आहे. क्रोमचं सिंक एक्स्टेन्शनांची यादीसुद्धा खात्यात ठेवतं आणि जिथे साइन-इन कराल तिथे उतरवतं.

> साइन-आउट करा, म्हणजे गोंधळ नको

गोंधळ इथेच झाला. साइन-आउट करून काढलं तर फक्त या लॅपटॉपवरून जातं, खात्याला पत्ताच लागत नाही. पुन्हा साइन-इन केलं की खातं म्हणतं, 'अरे, तुझ्याकडे एक कमी आहे', आणि प्रेमानं परत देतं. सिंक चालू ठेवून काढलं तर काढल्याची नोंदही खात्यात जाते आणि सगळ्या यंत्रांवरून ते उतरतं. प्रोग्रॅम आणि शेड्युल्ड काम आधी गेलंय, त्यामुळे आता साइन-इन असतानाच काढा. सर्च इंजिनची यादीही बघा, तीही सिंक होते: सेटिंग्ज, सर्च इंजिन, अनोळखी नावापुढे 'डिलीट'.

(माझं एजचं काम झालं. फोर्सलिस्टमध्येच होतं.)

---

प्रेषक: संकेतस्थळ समिती
बुधवार, रात्री ९:४८

मान्य, ती पायरी माझी चुकली. प्रोग्रॅम जिवंत असताना साइन-आउट ठीक, एरवी नाही. मात्र संकेतस्थळ आणि खात्यांच्या तांत्रिक बाबी आमच्या समितीकडे आहेत, तेव्हा पुढच्या वेळी आधी आम्हाला कळवावं ही विनंती.

ताई, शेवटी अ‍ॅडब्ल्यूक्लीनर (असल्या पट्ट्या शोधून काढणारा प्रोग्रॅम) एकदा फिरवा. तो बनवणाऱ्या मालवेअरबाइट्सच्या स्वतःच्या साइटवरूनच, आणि दुसऱ्या स्वच्छ संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हनं आणा. बिघडलेल्या ब्राउझरात शोधलंत तर पहिला निकाल नकली असू शकतो. तो इन्स्टॉल करावा लागत नाही. लॅपटॉपबरोबर आलेलं सॉफ्टवेअर तो वेगळ्या यादीत दाखवतो, तिथे खूण करू नका. निकालाची नोंद सी ड्राइव्हवर त्याच्या नावाच्या फोल्डरात राहते, ती मला पाठवा.

विंडोज सिक्युरिटीत 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल', त्यात 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' आहे. 'पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग' चालू करा. त्याखाली दोन खुणा आहेत. 'ब्लॉक डाउनलोड्स' फक्त एजमध्ये चालतं, आपण क्रोमवाले, म्हणून 'ब्लॉक अ‍ॅप्स'ची खूण हवीच.

आणि पासवर्ड. असं एक्स्टेन्शन बसताना 'सगळ्या साइटवरची माहिती वाचणे आणि बदलणे' ही परवानगी घेतं. नोंदणीचं पान याच लॅपटॉपवर उघडं होतं. सामाईक खात्याचा पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलावा.

---

प्रेषक: खजिनदार
बुधवार, रात्री १०:०२

पासवर्ड मी बदलेन. माझ्या घरच्या संगणकावरून.

---

प्रेषक: वाचनालय
बुधवार, रात्री १०:०६

घरच्यावरून नको! त्याच खात्यानं तिथेही साइन-इन आहे ना? आधी तिथे क्रोमच्या एक्स्टेन्शनांच्या यादीत काय आहे ते बघा.

---

प्रेषक: नोंदणी समिती
गुरुवार, संध्याकाळी ६:१५

साइन-इन ठेवून काढलं. सर्च इंजिनमध्ये दोन अनोळखी नावं होती, पुसली. अ‍ॅडब्ल्यूक्लीनरला चार नोंदी मिळाल्या, क्वारंटाइन केल्या, फाइल पाठवली आहे. तीनदा रीस्टार्ट. पट्टी नाही. खजिनदार, तुमच्याकडे काय निघालं?

---

प्रेषक: खजिनदार
गुरुवार, संध्याकाळी ७:५०

तेच होतं. वर्गणीच्या पावत्या पीडीएफ करायला घेतलं होतं. उघडून पाहिलं तर आपोआप गेलेलं दिसलं. पासवर्ड वाचनालयाच्या संगणकावरून बदलला. आता पावत्या पीडीएफ कशानं करायच्या ते संबंधित समितीनं कळवावं.

---

प्रेषक: नोंदणी समिती
गुरुवार, संध्याकाळी ७:५८

कंट्रोल आणि पी दाबा. प्रिंटरच्या जागी 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' निवडा. क्रोममध्ये आधीपासूनच आहे.