कार्यकारिणी बदलली, म्हणून दप्तर सांभाळणाराही बदलायचा का?

कृष्णाकाठ (धागालेखन)

आमच्या भागातल्या एका इतिहास मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा नुकतीच झाली. मंडळाचे नाव लिहीत नाही, कारण असे अनेक ठिकाणी चालले आहे. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, चिटणीस, खजिनदार सगळे नवे आले. निवडणूक रीतसर झाली, मतमोजणीबद्दल कुणाची तक्रार नाही. पण नव्या कार्यकारिणीने पहिल्याच बैठकीत दप्तराचे, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहाचे, काम बघणाऱ्या गृहस्थांचे मानधन बंद केले, किल्ल्या घेतल्या आणि पगारी व्यवस्थापक नेमला. गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, शाळेतून निवृत्त झाल्यापासून मंडळातच असत. नवा मुलगा ग्रंथालयशास्त्राचा पदवीधर आहे, कामसू आहे, त्याच्याविषयी माझे काहीच म्हणणे नाही. जुन्या कागदांची मोडी लिपी मात्र त्याला येत नाही.

कार्यकारिणी बदलावी, ठरलेल्या मुदतीने बदलायलाच हवी. पण दप्तर सांभाळणारा माणूस निवडणुकीच्या निकालाबरोबर हलवू नये. हलवायचाच असेल, तर प्रत्येक रुमाल, म्हणजे कागदांचे कापडी गाठोडे, सोडून, आतले कागद मोजून, यादीवर देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सह्या झाल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नये. आमच्याकडे चहा यायच्या आत किल्ली बदलली.

यात काय बिघडते ते एका कागदावरून सांगतो. देशमुखी वतनाच्या वादातला कागद आहे. रुमालावरच्या चिठ्ठीवर फक्त ‘सन ११२१’ लिहिलेले. नव्या संगणक यादीत त्याची नोंद ‘हिजरी ११२१, इ.स. १७०९’ अशी झाली. कागदात सन अक्षरी दिला आहे, ‘इहिदे अशरीन मया व अलफ’. एक, वीस, शंभर आणि हजार. हा सुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत अरबी शब्दांनी लिहिला जाणारा; म्हणजे इसवी १७२०-२१. शिवाय मजकुरात ‘बाजीराव पंडित प्रधान’, म्हणजे बाजीराव पेशवे, आहेत. बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली एप्रिल १७२० मध्ये. १७०९ साली ते आठ-नऊ वर्षांचे होते. आमच्या गृहस्थांनी हा कागद हातात घेतला असता तर तारीख तिथल्या तिथे सुधारली असती. आता ती यादी पुढच्या अभ्यासकाकडे जाणार, त्याच्या लेखात जाणार, आणि तिथून कुठे कुठे जाईल ते आपल्या हातात राहणार नाही.

तुमचे मत काय? दुसऱ्या बाजूचेही ऐकायचे आहे.

सह्यकडा

पूर्ण असहमत. तुम्ही दिलेले उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. चिठ्ठीवर नुसते ‘सन ११२१’ कुणी लिहून ठेवले? इतकी वर्षे ते गृहस्थ तिथे होते, तर ‘सुहूर’ हा एक शब्द त्या चिठ्ठीवर का चढला नाही? जे ज्ञान नोंदवहीत उतरत नाही ते मंडळाच्या मालकीचे नसते, त्या एका माणसाच्या मालकीचे असते. मग त्याला कुणी हलवूच शकत नाही. त्याने ते मुद्दाम केले असेल असे मी म्हणत नाही, पण परिणाम तोच होतो.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी अशाच एका मंडळात जात असे. दरवेळी एकच उत्तर, “आज सर आलेले नाहीत, किल्ली त्यांच्याकडे.” सर आले की हवा तो रुमाल “बांधणीला काढलाय”. नंतर तोच रुमाल एका वजनदार लेखकाच्या टेबलावर उघडा दिसला. सभासदत्वाचा अर्ज दिला, तो कायम विचाराधीन. जुन्या कार्यकारिणीच्या काळात सभासद यादी वर्षानुवर्षे तीच असते. त्यांतले निम्मे हयात नसतात आणि उरलेले एकमेकांचे व्याही. अशा ठिकाणी कुणीतरी निवडणूक जिंकून आत आले, हीच मोठी गोष्ट आहे. किल्ली पहिल्या दिवशी घेतली ते बरोबरच केले.

इंग्रज सरकारने पेशवे दप्तर आपल्या अभ्यासकांना किती काळ बंद ठेवले होते ते आठवा. १९३० पासून इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा आत काय आहे ते लोकांना कळू लागले. सरकारने बंद ठेवले की आपण चिडतो, आपल्याच मंडळाने बंद ठेवले की त्याला ‘जतन’ म्हणतो.

जमाखर्च

मी एका वाचनालयाचा खजिनदार आहे, तेव्हा कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी.

कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, दाखल करावा लागतो, सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम २२. तो मंजूर होऊन शेड्यूल वनवर, म्हणजे संस्थेच्या तिथल्या नोंदीच्या उताऱ्यावर, नवी नावे चढेपर्यंत जुन्या गटाला हरकत घेता येते. हरकत आली की बँक सह्या बदलून देताना अडते, वीजबिलापासून सगळे लटकते. नव्या मंडळींनी पहिल्या बैठकीत माणूस काढण्याऐवजी आधी हा अर्ज दाखल केला का, ते विचारा.

दुसरी गोष्ट सभासद यादीची. बहुतेक मंडळे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असतात. त्याच्या कलम १५ प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली की मतदानाचा हक्क राहत नाही. निवडणुकीच्या तोंडावर हे कलम सोयीने वापरतात. आपल्या माणसाची वर्गणी कुणीतरी गुपचूप भरते, विरोधकाला थकबाकीची सूचनाच जात नाही. सह्यकडा यांचा राग मला समजतो.

पण एक फरक लक्षात घ्या. मंडळाची इमारत विकायची तर विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कागदांना तसे कवच नाही. ७५ वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखिते आणि कागद १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, त्यांचा परवान्याशिवाय व्यापार करता येत नाही, खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. हे सगळे ठीक. पण यादीच नसेल तर काय गेले ते सिद्ध कसे करणार? मी पाहिलेल्या उताऱ्यांत जंगम मालमत्तेपुढे ‘कपाटे, खुर्च्या, जुने कागद’ असे एका ओळीत असते. म्हणून किल्लीआधी यादी, याबाबत मी धागाकर्त्यांच्या बाजूने.

वाड्यातली

मला या चर्चेत वेगळ्या बाजूने बोलायचे आहे. आमच्या घरचे कागद माझ्या आजोबांनी अशाच एका मंडळाला दिले. सनदा, दोन महजर (जुने निवाडे), घरखर्चाच्या वह्या, आणि पणजीच्या माहेरची पत्रे. त्या वेळच्या चिटणीसांनी दिलेली पोच आमच्याकडे आहे. तिच्यावर ‘अभ्यासासाठी मिळाले’ असे शब्द आहेत. देणगी म्हणून की ठेव म्हणून, ते कुठेच लिहिलेले नाही. आजोबांना ते विचारावेसेही वाटले नसणार, चिटणीस रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन बसणारे.

ती जुनी माणसे गेली, कार्यकारिणी दोनदा बदलली. मागच्या वर्षी आई पाहायला गेली तर तिला सांगितले, “अशा नावाचे काही आमच्याकडे नाही.” आईने पोच दाखवली तेव्हा शोध सुरू झाला. कागद मिळाले, पण तिसऱ्याच घराण्याच्या रुमालात, आणि पणजीच्या पत्रांवर सेलोटेप लावलेला. टेप पिवळा पडला होता, त्याखालची शाई टेपबरोबर सुटून येत होती. हे कुणी केले, जुन्यांनी की नव्यांनी, कुणालाच माहीत नाही.

सह्यकडा, तुम्हाला किल्ली मिळाली नाही याचे वाईट वाटते. पण आमच्यासारख्या घरांनी कागद दिले ते कार्यकारिणीला दिले नव्हते. समोरच्या माणसाकडे बघून दिले. तो माणूस निरोपाशिवाय काढला की गावातले उरलेले कागद माळ्यावरच राहतात, हे नव्या मंडळींना कुणीतरी सांगायला हवे.

बोरीबंदर

राजवाड्यांचे उदाहरण इथे द्यायलाच हवे. ७ जुलै १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांच्या पुढाकाराने. पुढे मतभेद झाले आणि खुद्द राजवाडे मंडळातून बाजूला झाले. ज्यांनी गावोगाव पायी हिंडून, माळे आणि अडगळीच्या खोल्या धुंडाळून कागद जमवले, तेच बाहेर! म्हणून मंडळ बंद पडले का? दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे अशा इतिहास संशोधकांनी ते पुढची कित्येक दशके चालवले. संस्था संस्थापकावरही अडून राहत नाही, मग एका मानधनावरच्या गृहस्थांवर कशी राहील?

कृष्णाकाठ

@बोरीबंदर, गोष्ट अर्धीच सांगितलीत. राजवाडे शेवटी धुळ्याला होते, ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच गेले. त्यांच्यामागे त्यांचा संग्रह धुळ्यातच राहिला आणि त्यासाठी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. म्हणजे माणूस गेला, त्याच्याबरोबर त्याचे पुढचे कागदही गेले. धुळ्याच्या मंडळींनी ते जपले म्हणून आज बोलतो आहोत. प्रत्येक गावाच्या नशिबी धुळे नसते.

खऱ्यांचे नाव तुम्ही घेतलेत ते तर माझ्याच मुद्द्याचे आहे. फार्सी, मोडी, नाणी, मूर्ती, कालगणना एवढे सगळे एका माणसात साठायला एकाच संस्थेत हयात जावी लागते. मंडळावर वर कोण निवडून आले त्यावर खऱ्यांचे टेबल हलत राहिले असते, तर ‘ऐतिहासिक फार्सी साहित्या’चे खंड निघाले असते का?

@सह्यकडा, चिठ्ठीबद्दल तुमचे म्हणणे खरे आहे, ‘सुहूर’ लिहायला हवे होते. पण ते लिहून घ्यायचे तर ज्याला ते माहीत आहे तोच माणूस समोर बसवावा लागेल. त्याला घरी पाठवून ते कसे साधणार?

सह्यकडा

जंत्री, म्हणजे जुन्या-नव्या तारखा जुळवायचे कोष्टक, उघडून. ती याचसाठी तर असते. सुहूर सनाचे गणित शिकायला एक दुपार पुरते. मोडी शिकायला काही महिने लागतात; राज्याचे पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेते. नव्या मुलाला तिकडे पाठवा, सहा महिन्यांत तो मोडी कागद वाचेल. ‘हे फक्त सरांनाच कळते’ या समजुतीनेच आमची अख्खी पिढी दारातून परत गेली. मोडी वाचणारे कमी आहेत ते मोडी अवघड म्हणून नव्हे. शिकवणाऱ्यांनी कागद हाताळू दिले नाहीत म्हणून.

कृष्णाकाठ

अक्षर ओळखायला सहा महिने पुरतात, मान्य. पण देशपांड्यांच्या कोणत्या शाखेचे कागद कोणत्या भांडणात कुणी लपवले, कोणता महजर बनावट असल्याची बोलवा आहे आणि का, हे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. त्यासाठी माणसाशेजारी बसावे लागते.

निळी शाई

पगाराबद्दल कुणीच बोलत नाही. मी एका संग्रहालयात जतनाचे काम करते. मानधनावर, म्हणजे येण्याजाण्याचा खर्चही निघत नाही अशा रकमेवर, निवृत्त माणसांकडून दप्तर सांभाळून घ्यायचे आणि वर त्याला सेवा म्हणायचे, ही पद्धत थांबली पाहिजे. वाड्यातली यांनी सांगितलेला सेलोटेप जुना असो की नवा, तो लावणाऱ्याला कुणी शिकवलेच नव्हते. फाटलेल्या कागदाला जपानी टिश्यू आणि पातळ खळ लावतात. डांबराच्या गोळ्या टाकून कपाट बंद केले म्हणजे कसर जाते असे नाही. पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटाला मागून ओल येते, खालच्या फळीवरचे रुमाल आधी जातात. हे बघायला रोज आठ तास हजर असलेला पगारी माणूस लागतो, आठवड्यातून दोन संध्याकाळी येणारा नव्हे.

म्हणून नव्या कार्यकारिणीने पगारी जागा निर्माण केली याचे मी मनापासून स्वागत करते. चूक झाली ती जुन्या गृहस्थांना काढण्यात. पगारी माणूस नेमायला त्यांना घरी बसवण्याची गरजच नव्हती. वर्षभर दोघे एकत्र, रोज एक रुमाल. जुने सांगतील, नवा लिहील, आणि प्रत्येक कागदाचा फोटो क्रमांकासह. त्या वर्षाचे मानधन मात्र पगाराच्या तोलाचे हवे.

सह्यकडा

याला माझी हरकत नाही, एका अटीवर. त्या वर्षभरात वाचनकक्ष सगळ्यांना खुला हवा. “काम चालू आहे” म्हणून बंद ठेवला तर पहिले पाढे पंचावन्न. आणि फोटोंची हार्ड डिस्क चिटणीसांच्या घरी नको. किल्ली एकाच्या खिशातून काढून डिस्क दुसऱ्याच्या खिशात घालायची असेल, तर मी आत्ताच विरोध नोंदवतो.

जमाखर्च

मग हे ठराव म्हणून मांडा. सभासदांनी सह्या करून विशेष सभेची मागणी करता येते, किती सह्या लागतात ते तुमच्या मंडळाच्या घटनेत असेल. विषयपत्रिकेत तीनच विषय घ्या: दप्तराची मोजणी आणि यादी, दप्तर सांभाळणाऱ्या जुन्या व नव्या माणसाची एकत्र मुदत, आणि वाचनकक्षाचे लेखी नियम. मोजलेली यादी लेखापरीक्षण अहवालासोबत दरवर्षी जोडायची असेही त्यातच लिहा. कुणाला परत आणा, कुणाला काढा असे त्यात काही लिहू नका, नाहीतर सभा त्याच भांडणात संपेल.

वाड्यातली

चौथा विषय माझा घ्या. घराण्यांकडून आलेल्या कागदांपुढे देणगी की ठेव ते त्या त्या घरांना विचारून लिहावे. आमच्या मंडळात मी हे पत्राने मागितले आहे, अजून उत्तर नाही. आमचे उत्तर देणगी असेच असेल, आईने ते ठरवले आहे. पण तिला ते कुणीतरी विचारायला हवे आहे.

कृष्णाकाठ

घेतो. सह्या गोळा करायला रविवारपासून सुरुवात करतोय. सह्यकडा, तुमचा सभासदत्वाचा अर्ज अजून विचाराधीन असेल तर त्याची प्रत मला पाठवा. तुमचे आणि आमचे मंडळ एकच निघाले तर तोही त्याच सभेपुढे ठेवू.