शब्दचर्चा: ‘कॉन्सर्ट स्टेजिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरमधल्या ‘एन्कोर्स!’ मालिकेवर लिहितेय आणि पहिल्याच ओळीत गाडी अडलीय. जुनी ब्रॉडवे म्युझिकल्स (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरची संगीत नाटकं) तिथे कॉन्सर्टच्या धर्तीवर करतात, म्हणजे ऑर्केस्ट्रा खाली पिटमध्ये (स्टेजपुढच्या खड्ड्यात) न बसता स्टेजवरच, नेपथ्य जेमतेम, तालमी थोडक्यात उरकलेल्या आणि सुरुवातीच्या वर्षांत तर नटमंडळी हातात संहिता घेऊनच उभी राहायची. १९९४ ला ‘फिओरेलो!’ने सुरू झालं हे सगळं. याला मैफल म्हणू का अभिवाचन? की तिसरंच काही?

———

मैफल नको हो. आपल्याकडे नाट्यसंगीताची मैफल म्हटलं की सौभद्रातलं एक पद झालं, मग मानापमानातलं, मग कुणीतरी फर्माईश करणार, आणि गाणारा शेवटपर्यंत गायकच असतो, तो काही अर्जुन होत नाही. इथे पात्रं असतात, एकच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत चालते. घोळ होईल वाचकाचा.

———

अभिवाचन त्यातल्या त्यात जवळचं पण त्याचा जोर भलतीकडेच जातो. अभिवाचनात शब्द महत्त्वाचे, इथे नेमकं शब्दांनाच कात्री लागते (संवादांच्या भागाला तिकडे ‘बुक’ म्हणतात, तेही एकदा लेखात सांगून टाका) आणि संगीत मात्र शक्यतो मूळ वाद्यांसकट अख्खं ठेवतात. लोक त्यासाठीच तर जातात. १९४३ च्या ‘ओक्लाहोमा!’ला २८ वादक होते, रॉबर्ट रसेल बेनेटचं ऑर्केस्ट्रेशन (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणं), आज ब्रॉडवेवर बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी माणसं आणि जोडीला कीबोर्ड. त्यात आणखी असं की नाटक बंद झालं की वादकांचे स्वरलिपीचे कागद सांभाळायची कुणाला गरजच वाटायची नाही, कुठेतरी खोक्यात पडून राहायचे नाहीतर गायब व्हायचे. १९८२ ला न्यू जर्सीत सिकॉकसच्या एका गोदामात गर्शविन, कर्न, पोर्टर, रॉजर्स या ब्रॉडवेच्या संगीतकारांची हस्तलिखितं सापडली, गोदामात! त्यामुळे असं एखादं नाटक उभं करायचं म्हणजे आधी कागद शोधा, जुळवा, नसतील तर नव्याने लिहून काढा, आणि मग कुठे ते तीसेक वादक एकदम वाजवायला लागतात आणि ओव्हर्चरलाच (सुरुवातीच्या नुसत्या वाद्यसंगीताला) टाळ्या पडतात.

———

मला विचाराल तर ‘काटकसरीचा प्रयोग’ म्हणा 😄 ‘शिकागो’ बघा, १९९६ च्या मे महिन्यात एन्कोर्समध्ये झालं, नोव्हेंबरात ब्रॉडवेवर गेलं ते तेच काळे कपडे, त्याच खुर्च्या आणि मागे बँड घेऊन, अजून चालू आहे. निर्मात्याला आणखी काय पाहिजे? तिकीट मात्र पूर्ण.

———

शिकागोचं उदाहरण पटत नाही, ते मुळातच (१९७५) व्होडव्हिलच्या (गाणी, नाच, विनोद अशा सुट्या आयटमांच्या खेळाच्या) घाटात बांधलेलं, प्रत्येक गाणं म्हणजे थेट प्रेक्षकांपुढे केलेला आयटम, त्यामुळे बँड स्टेजवर असणं त्याच्या अंगातच आहे. सगळ्यांना ते जमत नाही. मला विचाराल तर खरी गंमत ‘फॉलीज’ या म्युझिकलची. १९७१ च्या मूळ रेकॉर्डवर एकाच एलपीत बसवायचं म्हणून गाणी कापली होती, लोक वर्षानुवर्षं हळहळत होते, शेवटी सप्टेंबर १९८५ ला न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या सिंफनी ऑर्केस्ट्राला घेऊन ते कॉन्सर्ट म्हणून केलं आणि रेकॉर्ड केलं, बार्बरा कुक, इलेन स्ट्रिच, कॅरल बर्नेट असली माणसं. गोष्ट काय तर पाडायला निघालेल्या थिएटरात जुन्या नट्या शेवटच्या जमतात. आता ते पडकं थिएटर दाखवायला सेट नाहीच, मागे सूटबूटातले वादक आणि पुढे एक वय झालेली बाई उभी राहून गाते, बस्स. सेट असता तर आपण सेट बघत बसलो असतो.

———

म्हणजे ‘काय नाही’ यावरून नाव द्यायचं नाही, ऑर्केस्ट्रा पुढे आलाय यावरून द्यायचं. ‘वाद्यवृंद-प्रयोग’?

———

वाद्यवृंद म्हटलं की गणपतीतला हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आठवणार लोकांना. ‘कॉन्सर्ट-प्रयोग’ लिहा सरळ. कॉन्सर्ट कळतं सगळ्यांना, आणि ‘प्रयोग’ आला की हे नाटक आहे हेही कळतं. पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात खुलासा करा.

———

+१. फक्त ‘सेमी-स्टेज्ड’ वेगळं ठेवा, त्यात हालचाली, थोडी प्रॉपर्टी, कपडे असतात. अर्थात सीमा पुसट आहे. २०१४ च्या फिलहार्मोनिकच्या ‘स्वीनी टॉड’मध्ये ब्रिन टर्फेल, एमा थॉम्सन वगैरे सगळे नटूनथटून, हातात स्कोअर (संगीताची स्वरलिपीची वही) घेऊन शिस्तीत येतात, स्टँडपुढे उभे राहतात, आणि दोन मिनिटांत ते स्कोअर फेकतात, स्टँड पाडतात, पियानोसुद्धा उलथवतात. याला कॉन्सर्ट-प्रयोग म्हणायचं की सेमी-स्टेज्ड, ते तुम्हीच ठरवा.

———

कॉन्सर्ट-प्रयोग घेतेय. स्वीनी टॉड तळटीपेत टाकते 🙏