'आपोआप', 'आपणहून' की 'स्वयंप्रेरित'?

खानापूरची बाई:
पालकसभेला फळ्यावर मी लिहिलं, 'स्वयंप्रेरित अध्ययन'. पुढंच एक आजी बसलेल्या, त्या म्हणाल्या, "म्हंजे पोरं आपोआप शिकणार, मग तुम्ही काय करणार वो बाई?" पटकन उत्तरच सुचेना. मूल काय उचलतंय ते बघायचं, लागेल ती वस्तू हाताशी ठेवायची आणि ते गुंतलं असलं की मधे बोलायचं नाही, एवढंच सांगायचं होतं. याला घरातला शब्द सांगा. 'आपणहून' लिहू काय?

निपाणीकर:
लिहा की. दूध आपोआप उतू जातं, मूल आपणहून शिकतं. आपणहून म्हटलं की मर्जी आली. आमच्यात 'आपल्या मनानं' पण म्हणतात, पण "मनानं काय करायचं नाही" हे ऐकतच वाढलोय, त्यामुळं पालक बिचकतील.

टिळकवाडी:
'हौसेनं शिकणं' का नको?

जुना वाचक:
हौस मुळात अरबी, हवस. स्वयंप्रेरित शुद्ध आहे, वापरलं की रुळेल. बालवाडी, अंगणवाडी पण कधीतरी नवेच होते, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला काम केलं आणि आज कुठल्याही आजीच्या तोंडात आहेत.

टिळकवाडी:
काका, ते रुळले कारण वाडी आणि अंगण आधीच घरात होते. आणि अरबी म्हणून हौस काढायची तर हौसेनं केलेल्या पुरणपोळीला काय म्हणायचं?

शहापूरची लेक:
आमच्या शेजारच्या कन्नड शाळेत नलि-कलि आहे, म्हणजे खेळत-खेळत शिकायची पद्धत, १९९५ ला म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेली. नलि म्हणजे आनंदानं डोलणं, कलि म्हणजे शीक. किती लहान शब्द बघा.

जुना वाचक:
म्हणून आपण कन्नडची नक्कल करायची?

शहापूरची लेक:
नक्कल कोण म्हणतंय, शब्द कसा घडवावा ते बघा म्हणतेय.

खानापूरची बाई:
कन्नडवरून आठवलं. दुसरीतली एक पोरगी चिंचोके मोजत होती. अठ्ठावीसनंतर थांबली, "बाई, एकोणतीस का, तीस तर अजून आलंच नाही?" मी गप्प राहिले. तिनं दहा-दहाचे तीन ढीग केले, बघत बसली, मग शेवटच्या ढिगातला एक उचलून मुठीत धरला आणि ओरडली, "तिसाला एक कमी!" मग म्हणते, कन्नडमध्ये इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ, ते सरळ आहे. मी काहीच शिकवलं नव्हतं, चिंचोके तेवढे ठेवलेले.

निपाणीकर:
एकोण म्हणजे एक ऊन, एक उणा. पोरीनं व्युत्पत्तीच काढली की!

टिळकवाडी:
म्हणूनच बालभारतीनं २०१९ ला दुसरीच्या गणितात एकवीससाठी 'वीस एक' आणलं ते बरोबर होतं.

जुना वाचक:
अजिबात नाही. 'तीस नऊ' म्हणणाऱ्या मुलाला एकोणचाळीस कधी कळणार? बाजारात आजीबरोबर गेला तर सुट्टे कसे मोजेल?

टिळकवाडी:
आमच्या बेळगावच्या खडेबाजारात निम्मे दुकानदार कन्नडातच मोजतात काका, कुणाचं काही अडलेलं नाही.

जुना वाचक:
तो वेगळा विषय. एकोणनव्वदला तुम्ही काय म्हणणार ते आधी सांगा.