भारतीय दंड संहिता (आयपीसी) आणि फौजदारी प्रक्रिया संहिता (सीआरपीसी) यांची पुस्तकं विधी महाविद्यालयाच्या खुल्या फळीवर ठेवावीत का?

फळी३४५
१ जुलै २०२४ ला जुन्या कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता (बीएनएस), भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, तरी ३४५ वर्गांकाच्या (ड्युई वर्गीकरणात फौजदारी कायदा) फळीवर आयपीसीची भाष्यं (कलमवार स्पष्टीकरणाची पुस्तकं) नव्या पुस्तकांना खेटून उभी असतात. ती तिथून हलवायलाच हवीत. आकडा तोच, अर्थ निराळा, हा खरा धोका आहे. आयपीसीत ३०२ म्हणजे खून. बीएनएसमध्ये खून १०३ मध्ये आहे आणि ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने काढलेले उद्गार. त्याहून घातक ४८२: सीआरपीसीत उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, बीएनएसएसमध्ये अटकपूर्व जामीन. अंगभूत अधिकार आता ५२८ वर. अभिरूप न्यायालयाच्या (सरावाच्या खटल्याच्या) आदल्या रात्री विद्यार्थी हाताला लागेल ते पुस्तक उघडतो आणि अर्जाच्या मथळ्यातच चुकतो.

माझी सूचना: प्रत्येक भाष्याच्या शेवटच्या आवृत्तीच्या दोन प्रती बंद साठ्यात (मागितल्यावरच पुस्तक मिळतं तिथे) ठेवा. बाकीच्या प्रती ग्रंथालय समितीच्या ठरावाने निर्लेखित करा (संग्रहातून कायमच्या काढा), दाखल नोंदवहीत शेरा मारा आणि संगणकातली नोंदही त्याच दिवशी बदला.

गुन्ह्याची_तारीख
साफ चूक. कायदा रद्द झाला म्हणून त्याखालचे खटले संपत नाहीत. बीएनएसचं कलम ३५८ जुन्या गुन्ह्यांना आयपीसीच लावतं. ३० जून २०२४ च्या रात्री झालेल्या खुनाला ३०२ च लागणार, खटला कधीही उभा राहो. अशा गुन्ह्याला मुदतीची मर्यादाही नाही. त्यातली गुंतागुंत बघा: गुन्हा जूनमधला आणि एफआयआर ऑगस्टमधला असेल, तर कलमं आयपीसीची आणि तपासाची पद्धत बीएनएसएसची, असं अनेक उच्च न्यायालयांनी धरलं आहे. अशा प्रकरणात दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर लागतात.

आणि ‘शेवटची आवृत्ती’ हा निकष तर सर्वांत धोक्याचा. बलात्काराच्या व्याख्येत ३ फेब्रुवारी २०१३ पासून बदल झाला. किमान शिक्षा २१ एप्रिल २०१८ पासून ७ वरून १० वर्षं झाली. २०१२ च्या गुन्ह्याचं अपील शिकवताना २०२० ची आवृत्ती चुकीचा मजकूर देईल. म्हणजे किमान तीन काळांतल्या आवृत्त्या हव्यात: २०१३ च्या आधीची, २०१३ ते २०१८ मधली आणि त्यानंतरची. त्या रद्दीत गेल्या की परत मिळत नाहीत.

फळी३४५
आवृत्त्यांचा मुद्दा मान्य. निर्लेखनाची सूचना मागे घेतो, पण ती खुल्या फळीवरून हलवण्याचा आग्रह नाही सोडत. पाठीवर लाल पट्टी आणि पहिल्या पानावर शिक्का मारा: ‘१ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांसाठी’.

शोधपेटी
पट्ट्या आणि शिक्के कशाला? एससीसी ऑनलाइन किंवा मनुपत्र या निवाडे शोधण्याच्या संकेतस्थळांची वर्गणी घ्या. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर मोफत आहे, १९५० पासूनचे अधिकृत निवाडे त्यात आहेत. अधिनियमांसाठी सरकारचं इंडिया कोड हे संकेतस्थळ. दर वर्षी छापील भाष्यांवर खर्च करून जागा अडवण्यात अर्थ नाही.

गुन्ह्याची_तारीख
निवाडे शोधायला संगणकच हवा, वाद नाही. पण बीएनएसचं कलम १११ (संघटित गुन्हेगारी) टाकून शोधलं तर नव्या कलमावरचे थोडे निकाल येतील. त्या कलमातली ‘सातत्याने चालणारी बेकायदा कृती’ ही कल्पना १९९९ च्या मकोकातून (महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) आली आहे आणि तिचा अर्थ मकोकावरच्या निकालांत सापडतो. हा धागा विद्यार्थ्याला शोधपेटी दाखवत नाही, भाष्याची तळटीप दाखवते. शिवाय वर्गणी थांबली की दुसऱ्या दिवशी दार बंद. एका वेळी किती जणांना प्रवेश, आवाराबाहेरून चालतं का, हे करारात बघितल्याशिवाय सही करू नका. परीक्षेच्या आठवड्यात तिथेच अडतं.

तुरुंग_ते_ताळेबंद
तिघेही फौजदारी कायद्यापुरतं बोलताय. गुन्हेगारीशास्त्र ३६४ वर, पोलीस ३६३.२ वर, तुरुंग ३६५ वर आणि न्यायवैद्यक ६१४.१ वर. चार ठिकाणी विखुरलेली ही पुस्तकं संशोधकाला एकत्र कधीच दिसत नाहीत, त्यामुळे ‘विषयावर काही नाही’ म्हणून तो परत जातो. ३४५ च्या फळीवर इतर वर्गांक सांगणारा एक ठळक फलक लावला तरी फरक पडेल.

आणि एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) ‘क्राइम इन इंडिया’ हे गुन्ह्यांच्या आकडेवारीचे वार्षिक अंक: १९५३ पासूनची मालिका, यातलं एकही वर्ष काढू नका. २०२४ साल मध्येच दुभंगलं आहे, जूनअखेर आयपीसी, पुढे बीएनएस. चोरीत मोजली जाणारी हिसकाचोरी आता बीएनएसच्या ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. हे लक्षात न घेता आलेख काढला तर चोऱ्या घटल्याचा खोटा निष्कर्ष निघू शकतो. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो, हेही अंकासोबत चिकटवून ठेवा.

शोधपेटी
मग नियतकालिकांचं काय? केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं मिळतात.

तुरुंग_ते_ताळेबंद
केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना मिळतात. खासगी विधी महाविद्यालयांनी त्यावर विसंबून नियतकालिकांची वर्गणी तोडू नये. आधी आपली संस्था यादीत आहे का ते तपासा, मग पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडा.