पहिल्याच वर्षी मानव्यविद्यांचा सघन अभ्यासक्रम घ्यावा का? (मदत हवी आहे)

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला प्रवेश झालाय. तिथे फक्त पहिल्या वर्षासाठी एक सघन अभ्यासक्रम आहे. साहित्य, तत्त्वज्ञान आणि राजकीय विचार, तिन्ही वर्षभर एकत्र. छोटा वर्ग, दर आठवड्याला साधारण ५ पानी निबंध. नंतर घेता येत नाही.

अडचण अशी की पुढे बहुधा संगणकशास्त्र घ्यायचंय. पाचपैकी तीन विषय इथेच गेले की गणित आणि प्रोग्रॅमिंगपुरतीच जागा उरते. भौतिकशास्त्र दुसऱ्या वर्षावर जाईल. सल्लागार म्हणाले, चालेल. (निबंध त्यांना लिहायचे नाहीत!)

स्वतःची परीक्षा म्हणून प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दहा भागांपैकी पहिला वाचला. दोन संध्याकाळी गेल्या. त्या संवादातला थ्रॅसिमॅकस म्हणतो, न्याय म्हणजे बलवानाचं हित. सॉक्रेटिस विचारतो, मग बलवानानेच चुकून स्वतःच्या तोट्याचा कायदा केला तर? तिथे पुस्तक मिटून अर्धा तास फेऱ्या मारल्या. त्यावर दोन पानं लिहायला बसलो तेव्हा मात्र नुसता सारांश उतरला, माझं म्हणणं शोधूनही सापडेना.

आवड आहे का, हे कृपया विचारू नका, आहे. पण शिष्यवृत्तीमुळे गुण घसरून चालणार नाहीत आणि आठवड्याला १० तास कामही करतो.

ज्यांनी असा अभ्यासक्रम विज्ञान-गणिताच्या जोडीने केलाय त्यांना विचारतो: वाचन-लेखनाला आठवड्याचे खरे किती तास जायचे? सुरुवातीच्या निबंधांत गुण कितपत पडले? आणि झेपत नाही म्हणून पहिल्या सत्रानंतर कुणी सोडला असेल, तर पुढचं वेळापत्रक कसं सावरलं?