माफक किमतीचा हेडफोन ॲम्प्लिफायर : आधी हिशोब की आधी ताकद?

षड्ज (धागाकर्ता)

घरी संगीत ऐकण्यासाठी आणि अधूनमधून ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी एकच स्वस्त हेडफोन ॲम्प्लिफायर घ्यायचा असेल तर कोणता घ्यावा, असे विचारले की उत्तरात बहुधा मॉडेलांची नावे आणि त्यांचे वॅट येतात. माझ्या मते सुरुवात ॲम्प्लिफायरपासून नव्हे, तर हातात असलेल्या हेडफोनच्या दोन आकड्यांपासून, म्हणजे इंपिडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, ओहममध्ये) आणि संवेदनशीलता (१ मिलिवॅट शक्तीवर मिळणारा आवाज, डेसिबलमध्ये) यांपासून व्हायला हवी. हा हिशोब नीट केला तर अनेकांना स्वतंत्र ॲम्प्लिफायरची गरजच नाही, असे दिसून येते.

संगीतातील क्षणिक उसळ्या ११० डेसिबलपर्यंत स्वच्छ जाव्यात, एवढी अपेक्षा धरू. ही अपेक्षा सढळ आहे, कारण सरासरी पातळी उसळ्यांपेक्षा १५ ते २० डेसिबल खाली असते, आणि ८५ डेसिबलच्या सरासरीवर दिवसाला ८ तासांहून अधिक ऐकणे कानांना धोक्याचे मानले जाते. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हा २५० ओहमचा हेडफोन १ मिलिवॅटला सुमारे ९६ डेसिबल देतो, त्यामुळे ११० डेसिबलसाठी त्याला २५ मिलिवॅट, म्हणजे अडीच व्होल्ट लागतात. सोनीच्या एमडीआर-७५०६ ला, त्याची ६३ ओहम आणि १०६ डेसिबल ही मापे धरली तर, अडीच मिलिवॅट आणि जेमतेम ०.४ व्होल्ट पुरतात. एवढे बहुतेक लॅपटॉपही देतात. दुसऱ्या टोकाला हायफायमॅनचा एचई-६ हा प्लेनर (सपाट पातळ पडद्याचा) हेडफोन आहे. त्याचा इंपिडन्स ५० ओहम, पण संवेदनशीलता फक्त ८३.५ डेसिबल असल्यामुळे त्याला जवळजवळ ४५० मिलिवॅट द्यावे लागतात. जास्त ओहमचा हेडफोन चालवायला अवघड, हा समज इथेच गळून पडतो : ५० ओहमचा हेडफोन २५० ओहमच्या हेडफोनपेक्षा सुमारे १८ पट शक्ती मागतो आहे.

गरज ठरली की उरलेले निकष थोडे आहेत : आउटपुट इंपिडन्स (ॲम्प्लिफायरचा स्वतःचा इंपिडन्स) एक-दोन ओहमच्या आत असावा, नॉइज कमी असावा, गेन (संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण) बदलण्याची सोय असावी. हे निकष पूर्ण करणारे दोन ॲम्प्लिफायर समान आवाजावर, नाव न सांगता ऐकवले तर त्यांतला फरक कोणी ओळखू शकेल, असे मला वाटत नाही. म्हणून डॅक (डिजिटल संकेताचे ॲनलॉग संकेतात रूपांतर करणारे यंत्र) आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेला लहानसा यूएसबी संच घ्यावा आणि वाचलेले पैसे चांगल्या हेडफोनवर घालावेत, असे मी सुचवेन.

मिक्सकार

धागाकर्त्यांचा हिशोब बरोबर आहे, पण तो एकट्याने खोलीत बसून ऐकणाऱ्याचा हिशोब आहे. स्टुडिओत हेडफोन दोन वेगळ्या कामांसाठी वापरला जातो. मिश्रण तपासणाऱ्याला मध्यम आवाजात बारकावे ऐकायचे असतात. याउलट ड्रमवादकाला स्वतःच्या वाद्याच्या गोंगाटावर मात करून लय दाखवणारा क्लिक ऐकायचा असतो, तोही बंद कपांच्या हेडफोनमधून, नाहीतर तोच क्लिक मायक्रोफोनमध्ये झिरपतो. त्याच्या बाबतीत ११० डेसिबलची मर्यादा सढळ मुळीच नाही. असे ऐकणे कानांना चांगले नाही हे मान्य. परंतु तिथे आवाज फाटू लागला की वादक आणखी वाढवायला सांगतो आणि परिणाम अधिकच वाईट होतो. स्वच्छ आणि राखीव ताकद असलेला ॲम्प्लिफायर मला म्हणून हवा असतो.

यूएसबी संचाचा सल्ला तर स्टुडिओसाठी मला साफ अमान्य आहे. ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर, विशेषतः एएसआयओ हा कमी विलंबाचा ध्वनी-ड्रायव्हर वापरताना, साधारणपणे एका वेळी एकाच उपकरणाशी बोलते. इंटरफेसखेरीज (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या पेटीखेरीज) दुसरा यूएसबी डॅक जोडला की एकतर तो सॉफ्टवेअरला दिसत नाही, किंवा दोन उपकरणांच्या आतल्या घड्याळांचा मेळ घालण्याचा खटाटोप मागे लागतो. शिवाय गायकाला स्वतःचा आवाज विलंबाविना ऐकू यावा म्हणून इंटरफेसमध्ये जी थेट मॉनिटरिंगची सोय असते, ती या बाहेरच्या डॅकपर्यंत पोहोचतच नाही. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा एक बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो ध्वनीचा तुकडा) म्हणजे ५.३ मिलिसेकंद, जाण्यायेण्याचे दोन बफर आणि ड्रायव्हरचा वेळ धरला तर गायकाला तो विलंब सहज खटकतो. स्टुडिओसाठी ॲनलॉग इनपुटचा ॲम्प्लिफायरच घ्यावा आणि तो इंटरफेसच्या लाइन आउटपुटला जोडावा. त्याने विलंबात काहीच भर पडत नाही.

ओहमकार

धागाकर्त्यांनी आउटपुट इंपिडन्स एका वाक्यात उरकला, तर मिक्सकारांनी त्याचा उल्लेखच केला नाही. माझ्या दृष्टीने स्वस्त उपकरणांत खरा फरक इथेच पडतो. आयईसी ६१९३८ या मानकाच्या १९९६ च्या आवृत्तीत हेडफोनसाठी १२० ओहमचा स्रोत-इंपिडन्स (म्हणजेच आउटपुट इंपिडन्स) सुचवलेला होता. आज सर्वसाधारण नियम असा सांगतात, की तो हेडफोनच्या इंपिडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा.

याचे कारण साधे आहे. हेडफोनचा इंपिडन्स सर्व वारंवारतांना सारखा नसतो आणि ॲम्प्लिफायरचा आउटपुट इंपिडन्स त्याच्याशी मिळून व्होल्टेज वाटून घेतो. सेनहायझरचा एचडी ६०० नाममात्र ३०० ओहमचा असला तरी खर्जात, १०० हर्ट्झच्या आसपास, तो ५०० ओहमच्या पुढे जातो. १२० ओहमच्या स्रोतावर त्यामुळे तिथे सुमारे १.२ डेसिबलचा उभार येतो, जो सुसह्य आहे. १० ओहमच्या स्रोतावर तो जवळजवळ नाहीसाच होतो. आता बॅलन्स्ड आर्मेचर (छोट्या चुंबकीय पात्याने आवाज काढणाऱ्या) जातीचा कानात घालायचा मॉनिटर घ्या, ज्याचा इंपिडन्स एका ठिकाणी ८ आणि दुसऱ्या ठिकाणी ४० ओहम आहे. त्याच १० ओहमच्या स्रोतावर या दोन ठिकाणांच्या पातळीत ५ डेसिबलचा फरक पडतो. हा वेगळाच हेडफोन झाला! कित्येक इंटरफेसच्या हेडफोन आउटपुटचा इंपिडन्स दहा-वीस ओहम किंवा त्याहूनही जास्त असतो आणि तो माहितीपत्रकात ठळक दिलेला नसतो. म्हणून असा मॉनिटर वापरणाऱ्याला आवाज पुरेसा मिळत असला तरीही स्वतंत्र ॲम्प्लिफायरची गरज असू शकते, हे धागाकर्त्यांच्या व्होल्टच्या हिशोबात कुठेच दिसत नाही. प्लेनर हेडफोनचा इंपिडन्स मात्र जवळजवळ सपाट असल्याने त्यांना या गोष्टीची फारशी झळ बसत नाही.

षड्ज (धागाकर्ता)

@ओहमकार, एक-दोन ओहमची अट मी घातली ती याचसाठी. मात्र कानातल्या संवेदनशील मॉनिटरचा उल्लेख आलाच आहे, तर ताकदीच्या आग्रहाची दुसरी बाजूही पाहावी. भरपूर गेनच्या ॲम्प्लिफायरवर अशा मॉनिटरमध्ये संगीत थांबल्यावर ‘स्स’ असा नॉइज ऐकू येतो, आणि आवाजाची घुंडी तळापासून जराशी हलवताच सहनशक्तीच्या पलीकडे जाते. स्वस्त पोटेन्शिओमीटरचा (घुंडीमागच्या भागाचा) डावा-उजवा समतोल नेमका याच तळाच्या भागात सर्वांत वाईट असतो. @मिक्सकार, ॲनलॉग इनपुटचा मुद्दा स्टुडिओपुरता रास्त आहे. पण बहुसंख्य वाचकांकडे ड्रमवादक नाही, संगणक आणि एक हेडफोन आहे. त्यांना दुसऱ्याच्या गरजेची ताकद का विकावी?

काचनळी

या चर्चेत ऐकण्याचा आनंद अजून कोणी विचारात घेतलेला नाही. ट्रान्सफॉर्मरविना बनवलेल्या, काचेच्या निर्वात नळीच्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट इंपिडन्स शंभर ओहमच्या घरात असू शकतो, हे मला ठाऊक आहे. ३०० ओहमच्या हेडफोनवर त्यामुळे खर्जाला जो किंचित भरीवपणा येतो तो, आणि दुसऱ्या हार्मोनिकची (मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेची) थोडी भर, मी जाणूनबुजून पत्करतो. घरी रात्री गाणे ऐकताना मला निवाडा द्यायचा नसतो. मोजमापात पहिला आलेला ॲम्प्लिफायर मला तासाभरात कंटाळा आणत असेल, तर तो स्वस्त असला तरी माझ्यासाठी महागच आहे.

ओहमकार

आवडीबद्दल वाद नाही. पण हा रंग त्या यंत्राचा एकट्याचा नसून यंत्र आणि हेडफोन या जोडीचा असतो. हेडफोन बदलला की तो बदलतो, आणि ३२ ओहमच्या हेडफोनवर अशी नळी अनेकदा दमच तोडते. सव्वा डेसिबलचा उभार इक्वलायझरमध्ये (वेगवेगळ्या वारंवारतांची पातळी कमीजास्त करण्याच्या सोयीत) फुकट मिळतो, हवा तेव्हा काढूनही टाकता येतो. आणि ज्या एका पेटीवर घर व स्टुडिओ दोन्ही चालवायचे आहेत, तिच्यात कायमचा रंग नको. मिश्रणातला खर्ज ॲम्प्लिफायरने आधीच वाढवून दाखवला, तर मिश्रण करणारा तो कमी करून ठेवणार.

काचनळी

फुकट मिळतो तो उभार; हार्मोनिकची भर इक्वलायझर देत नाही. एका पेटीची अट धागाकर्त्यांची आहे, माझी नव्हे.

समतोल

इक्वलायझरचा विषय निघालाच आहे तर सांगतो, की धागाकर्त्यांच्या गणितातली सर्वांत मोठी उणीव तिथे आहे. उघड्या कपांच्या हेडफोनचा खोल खर्ज बहुधा उतरता असतो आणि तो सावरण्यासाठी ५-६ डेसिबलची वाढ करणे आता सर्रास चालते. डिजिटल संकेत फाटू नये म्हणून तेवढीच एकूण पातळी आधी खाली आणावी लागते. ती ६ डेसिबल ॲम्प्लिफायरने परत द्यायची, म्हणजे व्होल्टेज दुप्पट आणि शक्ती चौपट. डीटी ९९० प्रोचे अडीच व्होल्ट यामुळे ५ होतात आणि २५ मिलिवॅटचे १०० मिलिवॅट होतात. फोनला लावायची डॅकची पिटुकली जोडणी सुमारे १ व्होल्ट देते; तिच्यावर हा हेडफोन १०२ डेसिबलपर्यंत जातो, पण इक्वलायझर लावला की ९६ वर येतो. पॉप संगीताला ते चालेल, परंतु ज्या मुद्रणात विलंबित आलाप अगदी हळू आणि द्रुत लयीतली तान जोरकस ठेवलेली आहे, तिथे घुंडी शेवटाला टेकते.

षड्ज (धागाकर्ता)

इक्वलायझरची ही दुरुस्ती वापरणाऱ्यांसाठी आकडा वाढतो, यात शंका नाही. तरीही तो ५ व्होल्टवर थांबतो, आणि तेवढे देणारे साधे ॲम्प्लिफायर स्वस्त गटातच मिळतात. ‘दोन वॅट’ लिहिलेल्या पेटीकडे जाण्याचे कारण त्यातून निघत नाही. २०११ साली एका अनामिक अभियंत्याने आराखड्यासह खुला केलेला ऑब्जेक्टिव्ह २ हा हेडफोन ॲम्प्लिफायर आठवा. साध्या, सहज मिळणाऱ्या ऑप-ॲम्प चिपवर चालणाऱ्या त्या रचनेचा आउटपुट इंपिडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास होता आणि बहुतेक हेडफोनांना ती आजही पुरते. एचई-६ सारख्या अपवादाने नियम ठरवू नये.

मिक्सकार

उदाहरण चांगले निवडलेत, कारण त्याच रचनेत गेनचा टप्पा आवाजाच्या घुंडीच्या आधी आहे. त्याचा नेहमीचा वरचा गेन ६.५ पट, त्याला सीडी प्लेयरचे २ व्होल्ट दिले की १३ व्होल्टची मागणी होते. ती तो पुरवू शकत नाही, आणि घुंडी कितीही खाली असली तरी आवाज फाटतो. स्टुडिओच्या इंटरफेसचे बॅलन्स्ड (एकमेकांच्या उलट असे दोन संकेत देणारे) लाइन आउटपुट तर २ व्होल्टच्याही वर जाते. त्यामुळे घेण्यापूर्वी किती इनपुट व्होल्टेज सोसते आणि कमी गेन किती पट आहे, हे दोन आकडे पाहिल्याशिवाय मी कोणाला कोणतीही पेटी सुचवणार नाही. एक पट गेनची सोय असेल तर उत्तमच, कारण २ व्होल्टच्या स्रोतावर पुष्कळ हेडफोनांना तेवढे पुरते.

चार पिनांच्या बॅलन्स्ड हेडफोन आउटपुटसाठी जादा पैसे देऊ नयेत. त्याने व्होल्टेज दुप्पट होते, पण आउटपुट इंपिडन्सही दुप्पट होतो, आणि स्टुडिओतल्या बहुतेक हेडफोनांची केबल तिथे बसतही नाही. चार कलाकारांसाठी एकाच आउटपुटला फाटे फोडणेही टाळावे. ३२ ओहमचे चार हेडफोन समांतर जोडले की ॲम्प्लिफायरला ८ ओहम दिसतात, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा लावता येत नाही तो नाहीच. तिथे प्रत्येकासाठी स्वतंत्र घुंडी असलेला वितरण ॲम्प्लिफायरच हवा.

राखीव ताकदीबद्दल माझे मत तेच आहे. धागाकर्त्यांना ५ व्होल्ट पुरतात, मी बंद कपांच्या जास्त ओहमच्या हेडफोनसाठी ७-८ व्होल्ट देणारा घेईन. मात्र चालू-बंद करताना हेडफोन तोडून ठेवणारा रिले (विजेवर आपोआप चालणारा खटका) त्यात नसेल, तर तो ७ काय, १० व्होल्ट देत असला तरी घेणार नाही. कारण बटण दाबताना आवाजाचा ठोका बसतो, तेव्हा हेडफोन गायकाच्या कानांवर असतो.